केमो चालू असताना सासूबाईंना गौरी-गणपतीला न्यावे का?

ऐरोलीच्या एका सूनबाईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यात काखेतील गाठीही काढल्या, आणि आता दर 21 दिवसांनी केमोथेरपी चालू आहे. घराण्याचे गौरी-गणपती ठाण्यात, चरईला, चुलत सासऱ्यांकडे बसतात आणि गौरीपूजनाला तिथे तीस-पस्तीस माणसे जेवायला असतात. केमोचा दिवस पहिला धरला, तर यंदा गणेशचतुर्थी नवव्या दिवशी, गौरींचे आवाहन बाराव्या आणि पूजन तेराव्या दिवशी येते. गौरींना साड्या नेसवण्याचे काम लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंकडे आहे आणि त्या जायचेच म्हणून बसल्या आहेत. मुलगा म्हणतो, "नाही म्हणजे नाही." चुलत सासूबाईंनी परस्पर कळवले आहे, की यंदा त्यांनी दगदग करू नये, साड्या धाकट्या सुना नेसवतील. ते ऐकल्यापासून सासूबाई भरल्या ताटावरून उठून जातात. सूनबाई विचारतात, न्यावे की नाही?

मी नवी मुंबईत केमोथेरपीच्या डे-केअर विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. श्रावण संपत आला की हा प्रश्न आमच्याकडे एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर फिरू लागतो, आणि लग्नसराईत पुन्हा येतो. माझ्या उत्तराला काही मर्यादा आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे का, मागच्या दोन डोसांनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी किती खाली गेल्या होत्या, ताप येऊन दाखल व्हावे लागले होते का, हे मला माहीत नाही, आणि यांपैकी एकाही गोष्टीने निर्णय फिरू शकतो. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा. मात्र त्यांना काय विचारायचे आणि घरात काय ठरवायचे, ते मी सांगू शकते.

तुमच्या पत्रात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक संसर्गाचा आणि दुसरा मानाचा. संसर्गाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळते. सासूबाई ताटावरून उठतात त्या संसर्गाच्या भीतीने उठत नाहीत. आपल्याला न विचारता आपले काम दुसऱ्याला दिले गेले, हे त्यांना लागले आहे. मुलगा आणि जाऊ दोघेही मायेनेच बोलले असतील, परंतु दोघांनीही त्यांना वगळून ठरवले. तुम्ही नुसते "न्यावे" किंवा "नेऊ नये" असे ठरवून मोकळ्या झालात, तर तुमच्याकडूनही तेच होईल.

आधी सोपा प्रश्न घेऊ. केमोथेरपीचेही एक पंचांग असते आणि घरातल्या प्रत्येकाला ते पाठ असावे. पहिले दोन-तीन दिवस रुग्ण पुष्कळदा चांगला हिंडता-फिरता दिसतो, कारण उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने तात्पुरती तरतरी येते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती ओसरते आणि अंगातले त्राण जाते. साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. स्तनाच्या कर्करोगात जे लाल रंगाचे केमोचे औषध देतात, त्यानंतर तर बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवसांत. याच सुमारास तोंड येते. त्यानंतर पेशी वर येऊ लागतात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत पुढचा डोस देण्याइतक्या भरतात. म्हणजे तुमच्याकडची चतुर्थी, आवाहन आणि पूजन हे तिन्ही दिवस नेमके पडत्या काळात आले आहेत, आणि सतराव्या ते एकविसाव्या दिवसांचा जो खरा बरा काळ, त्यात घरात कोणताही सण नाही. नातेवाईक सणाला येतात आणि शरीर सणाची तारीख पाळत नाही, एवढीच यातली सारी अडचण आहे.

हे वेळापत्रक सर्वांना सारखे लागू होत नाही. केमोच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवण्याचे इंजेक्शन दिले असेल, तर पेशी तितक्या खाली जात नाहीत आणि लवकर सावरतात. म्हणून अंदाजावर राहण्यापेक्षा अकराव्या दिवशी, म्हणजे आवाहनाच्या आदल्या दिवशी, सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशी मोजण्याची तपासणी, करून घ्यावी का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. त्यातील पांढऱ्या पेशींचा नुसता एकूण आकडा पाहून थांबू नका. संसर्गाशी लढण्याचे मुख्य काम न्यूट्रोफिल या पेशी करतात. एकूण पांढऱ्या पेशी 3,200 असतील आणि न्यूट्रोफिल 40 टक्के असतील, तर 3,200 गुणिले 40 भागिले 100, म्हणजे 1,280 हा खरा आकडा. तो 1,500 च्या वर असेल तर निर्धास्तपणे, पण नियम पाळून जाता येते. 1,000 ते 1,500 मध्ये असेल तर थोडा वेळ आणि थोड्या माणसांत. 1,000 च्या खाली आला तर मी स्वतः कोणाला गर्दीत पाठवत नाही, आणि 500 च्या खाली असेल तर प्रश्नच उरत नाही. हा आकडा सासूबाईंच्या समोर काढा, त्यांना तो वाचू द्या. मुलाच्या "नाही"वर रुसता येते, रक्ताच्या रिपोर्टवर फारसे रुसता येत नाही.

सणासाठी केमोची तारीख पुढे ढकलावी का, असेही अनेक जण विचारतात. क्वचित दोन-तीन दिवसांचा बदल डॉक्टर करू देतात, परंतु तो त्यांना विचारून, आधी ठरवून झाला पाहिजे. "त्या दिवशी आलोच नाही" असे परस्पर करू नका. बरा होण्याच्या उद्देशाने जी केमो चालू असते, तिचे अंतर पाळण्याला महत्त्व असते.

तापाचा नियम मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. तोंडात थर्मामीटर ठेवून 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच घटकेला रुग्णालयात फोन करायचा आणि निघायचे. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू उतरतो का" असे करायचे नाही, कारण त्याने आकडा खाली येतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. पेशी कमी असताना आलेल्या तापात रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, अशी वैद्यकीय शिफारस आहे. म्हणून पडत्या दिवसांत रुग्णाने कुठे जावे, याची माझी साधी कसोटी अशी, की तिथून कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालय तासाभराच्या आत गाठता आले पाहिजे. या कसोटीवर चरई बसते. कोकणातले मूळ घर बसत नाही. घरातला कोणी "मग गावीच जाऊ, हवापालट होईल" असे म्हणत असेल, तर त्याला हे सांगा.

तासाभराचा हिशेब मात्र सणाच्या दिवसाचा धरा. ऐरोलीहून विटावा, कळवा करत खाडीपूल ओलांडून ठाण्यात शिरायला एरवी जो वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त विसर्जनाच्या संध्याकाळी लागतो. मिरवणुका, वळवलेली वाहतूक आणि मासुंदा तलावाकडची गर्दी यांत गाडी तिथल्या तिथे उभी राहते. गौरींबरोबर गणपती जाण्याचा दिवस म्हणूनच सरळ वगळावा. आवाहनाला जाणार असाल तर दुपारी जा आणि अंधार पडण्याआधी ऐरोलीला परत या. ठाणे-वाशी लोकलने नेऊ नका, गाडी करा. उपचारांची फाइल, शेवटची सीबीसी आणि रुग्णालयाचा रात्रीचा फोन क्रमांक पिशवीत ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच. चरईतल्या पुष्कळ जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. हिमोग्लोबिन उतरलेले असताना तीन जिने चढून गेलेली बाई वर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलूही शकत नाही, तेव्हा जिन्यात मध्ये टेकायला एक खुर्ची आधीच ठेवायला सांगा.

आता गर्दी. तीस माणसे हा आकडा ऐकून मुलगा घाबरला आहे, परंतु निरोगी तीस माणसांपेक्षा खोकणारे एक माणूस जास्त घातक असते. भाद्रपदात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, पोट बिघडणे आणि व्हायरल ताप यांचाच हंगाम असतो, आणि "थोडीशी सर्दी आहे, पण गौरींना यायचेच" असे म्हणत येणारे प्रत्येक कुटुंबात कोणीतरी असते. लहान मुलांकडे विशेष लक्ष द्या. कांजिण्या अंगावर दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत पसरत राहतात. म्हणून ज्या घरात सध्या कांजिण्या आहेत, त्या घरातले मूल वरवर ठणठणीत असले तरी त्याने यंदा सासूबाईंजवळ येऊ नये. भेट होऊन गेल्यावर तसे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण त्यावर वेळेत देण्यासारखे औषध असते. घरात तान्हे बाळ असेल आणि त्याला तोंडावाटे पोलिओचा डोस नुकताच दिला असेल, तर त्या लशीतील जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. बाळाला मांडीवर घेण्याची हौस सासूबाईंना करू द्या, पण त्याचे लंगोट त्यांनी बदलू नयेत आणि बाळाला परत दिल्यावर हात साबणाने धुवावेत. मास्क, उघड्या खिडक्या आणि हात धुणे एवढ्यावर बाकीचे भागते. गालगुच्चे, मिठ्या, पाया पडणे हे सगळे निरोगी माणसांनी करायला माझी हरकत नाही.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. कोणी सगळे खायला घालतात, कोणी फळाची फोडही देत नाहीत. कच्चे काहीच नको, असा कडक आहार पाळल्याने संसर्ग कमी होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. स्वच्छ आणि ताजे असणे मात्र महत्त्वाचे आहे. सणाच्या पानात याचा अर्थ असा, की चाळणीतून नुकताच उतरवलेला उकडीचा मोदक, तव्यावरून थेट ताटात आलेली पुरणपोळी, गरम वरण-भात आणि ऋषीची भाजी खुशाल वाढावी. सकाळपासून उघड्यावर असलेले पंचामृत, चिरून ठेवलेली प्रसादाची फळे, खोबऱ्याची ओली चटणी, कोशिंबीर आणि नैवेद्य दाखवून दोन तास झाकून ठेवलेले पान देऊ नये. पंचामृत नाकारायला त्यांना अवघड जाईल, तेव्हा तीर्थ म्हणून घरून नेलेले उकळलेले पाणीच पळीने द्या. तोंड आले असेल तर मसालेदार काहीही चालणार नाही. मऊ भात, तूप आणि साधे वरण आधीच सांगून ठेवा. धूप, उदबत्ती आणि कापूर यांच्या वासाने अनेकांना या दिवसांत मळमळते. पूजेच्या खोलीतून आरतीपुरते उठून शेजारच्या खोलीत बसण्याची मोकळीक त्यांना हवी.

साड्या नेसवण्याच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या घरातला पेच इथेच सुटेल. गौरी नेसवताना बाई तास-दीड तास उभी राहते, दोन्ही हात खांद्याच्या वर जातात, आणि निऱ्या बसवताना टाचण्या बोटात रुततात. तुमच्या सासूबाईंच्या उजव्या काखेतील गाठी काढलेल्या आहेत. त्या बाजूच्या हाताला सूज धरण्याचा धोका पुढे अनेक वर्षे राहतो, म्हणून त्या हाताला जखम, टोचणे, आवळणे आणि जड वजन टाळायचे असते. पेशी कमी असताना टाचणीची छोटी जखमही चिघळू शकते. तेव्हा टाचणी, दोरा आणि वर चढवणे ही कामे त्यांनी करू नयेत. परंतु कोणत्या गौरीला कोणती साडी, पदर किती सोडायचा, निऱ्या किती, दागिने कोणते आणि मुखवटा केव्हा चढवायचा, हे सगळे त्यांनी खुर्चीवर बसून सांगावे आणि धाकट्या सुनांनी करावे. त्या खोलीत त्या वेळी तीन-चार बायकांपेक्षा जास्त कोणी नसावे, म्हणजे गर्दीचा प्रश्नही मिटतो. तीस माणसांच्या पूजनाच्या जेवणापेक्षा आवाहनाच्या दिवसाची ही दीड तासाची बैठक त्यांना कितीतरी अधिक प्रिय असेल, असा माझा अंदाज आहे. तुम्ही त्यांना तसे विचारून पाहा. एक गोष्ट विसरू नका: हळदी-कुंकवाला बांगड्या भरायचा आग्रह होईल. शस्त्रक्रिया झालेल्या हातात काचेच्या घट्ट बांगड्या नकोत. ओटी भरून घ्यावी, बांगड्या डाव्या हातात सैल चढवाव्यात, आणि उजव्या हाताला कोणी धरून ओढण्याआधी तुम्ही तिथे उभ्या असाव्यात.

आता माणसांचे बोलणे. डे-केअरमध्ये सणानंतरच्या आठवड्यात बायका माझ्याशी जे बोलतात, त्यात दगदगीची तक्रार कमी आणि बोलण्याची जास्त असते. "किती वाळलात हो!" "स्टेज कितवी सांगितली?" "आमच्या शेजारणीलाही हेच होते," आणि मग त्या शेजारणीचे काय झाले ते आठवून मध्येच गप्प होणे. एखादी मावशी हात धरून रडू लागते आणि रुग्णालाच तिची समजूत काढत बसावे लागते. त्याशिवाय गव्हांकुराचा रस, गोमूत्र, पपईच्या पानांचा काढा, साखर पूर्ण बंद, असे सल्ले येतात, आणि सल्ला देणारा पुढच्या फोनवर "घेतलेत का?" म्हणून हजेरीही घेतो. काढे आणि पावडरी केमोच्या औषधांशी आणि यकृताशी कशा वागतील, याची खात्री देता येत नाही, म्हणून "डॉक्टरांनी उपचार संपेपर्यंत दुसरे काही घेऊ नका असे सांगितले आहे" एवढे एकच वाक्य घरातल्या सगळ्यांनी सारखे बोलावे. वाद घालू नये.

या सगळ्याचा बंदोबस्त करण्याचे काम मुलाला द्या. त्याच्या "नाही म्हणजे नाही"मागे भीती आहे, आणि भ्यालेल्या माणसाला नेमून दिलेले काम मिळाले की तो पुष्कळ निवळतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने आधीच असा निरोप टाकावा: "आईचा तिसरा डोस झाला आहे. या आठवड्यात तिच्या पांढऱ्या पेशी कमी असतात. ज्यांना सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल, त्यांनी या वेळी तिला भेटू नये, फोन करावा. ती दुपारी तीन ते साडेचार तिथे असेल. आजाराविषयी तिने स्वतः विषय काढला तरच बोलावे. गौरींविषयी, मुलांविषयी, गावाविषयी भरपूर बोलावे." असा निरोप आगाऊ वाटेल म्हणून लोक कचरतात. माझा अनुभव असा, की नातेवाइकांना काय करू नये यापेक्षा काय करावे हे सांगितलेले आवडते. त्यांनाही अवघडलेलेच असते. निघण्याची खूणही आधी ठरवा. सासूबाईंनी चष्मा मागितला की मुलाने "आई, औषधाची वेळ झाली" म्हणायचे आणि उठायचे. थकल्याचे त्या सर्वांसमोर कधीच कबूल करणार नाहीत.

काही जण त्यांच्यासाठी वेगळा कप काढतील. कर्करोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, मूल मांडीवर घेतल्याने तो होत नाही, हे सांगून तो कप परत ठेवायला लावा. केमोनंतरचे पहिले 48 तास औषधाचा अंश लघवीत आणि उलटीत असतो, त्यामुळे त्या दोन दिवसांत शौचालय वापरल्यावर झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि त्यांचे खराब झालेले कपडे धुताना हातमोजे घालावेत. बाराव्या दिवशी त्याचा काही संबंध उरत नाही. पुढे किरणोपचार सुरू होतील तेव्हा हीच शंका पुन्हा येईल: यंत्राने बाहेरून दिलेल्या किरणांनी शरीरात किरणोत्सर्ग राहत नाही, नातवंडांना जवळ घेता येते. पेट स्कॅनआधी थोडे किरणोत्सर्गी औषध टोचतात, म्हणून त्या दिवशी मात्र काही तास लहान मुले आणि गरोदर बायकांपासून दूर राहायला सांगतात, ते पाळावे.

सासूबाईंशी हे सगळे बोलण्याआधी त्यांना एकट्याला गाठून एक विचारा: त्यांना खरोखर जायचे आहे का? हा प्रश्न मी रुग्णाला एकटीला विचारते, तेव्हा कधी कधी अगदी उलटे उत्तर येते. केस गेलेले डोके सगळ्या जावा-नणंदांसमोर कसे न्यायचे, या विचाराने बाई रात्रभर जागी असते, आणि तरीही "मी जाणारच" म्हणते, कारण न जाणे म्हणजे आजाराला शरण जाणे असे तिला वाटते. तसे असेल तर "डॉक्टरांनी नको म्हटले" हे कारण तुम्ही खुशाल पुढे करा. त्यासाठी आमची पूर्ण परवानगी आहे. आणि जायचेच असेल, तर डोक्यावर सुती रुमाल बांधून त्यावरून पदर घेण्याचा सराव घरी आरशासमोर एकदा करून घ्या. केसांचा टोप त्यांना उकाड्यात टोचेल. कोणी पदर सरकवून पाहणार नाही, याची जबाबदारी तुमची.

उपचार सणापुरते नसतात, म्हणून हेही लिहिते. लाल औषधाचे डोस संपल्यावर बहुधा दुसरे औषध सुरू होते, आणि डॉक्टरांनी ठरवले तर त्यानंतर काही आठवडे, आठवड्यातून बहुधा पाच दिवस, किरणोपचारांना जावे लागते. पहिल्या महिन्यात माणसांची रीघ लागते आणि चौथ्या महिन्यात सोबतीला कोणी मिळत नाही, हे मी सतत पाहते. गौरींना जमणाऱ्या तीस माणसांचा खरा उपयोग तेव्हा आहे. सानपाड्याचा भाचा दर बुधवारी गाडी देईल का, नणंद डे-केअरमध्ये चार तास शेजारी बसेल का, कोणी आठवड्यातून एकदा दोन वेळचा डबा पाठवेल का, हे त्याच बैठकीत मुलाने वहीत लिहून घ्यावे. "काही लागले तर सांगा" असे म्हणणाऱ्यांना लगेच काहीतरी सांगून टाकावे. आणि बऱ्या आठवड्यात, म्हणजे सतराव्या दिवसानंतर, एकेका कुटुंबाला ऐरोलीला बोलवावे. दोघे-तिघे यावेत, तासभर बसावेत. सासूबाईंना त्या दिवशी जेवण चवीला लागते, बोलायला दम असतो.

अकराव्या दिवशीचा आकडा वाईट आला, तर काय करायचे हेही आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे त्या सकाळी रडारड होणार नाही. साड्या दोन दिवस आधी ऐरोलीला मागवून घ्याव्यात. सासूबाईंनी त्यातून निवडाव्यात, निऱ्या घालून इस्त्री करवून पाठवाव्यात, आणि आवाहनाला चरईहून व्हिडिओ कॉल लावून त्यांनी बसल्या जागेवरून सांगावे आणि तिथल्या सुनांनी नेसवावे. तो फोन गौरींसमोर टेकवून ठेवलेला असावा. हातात धरून फिरवला तर त्यांना नुसती माणसांची तोंडे दिसतात. एकोणिसाव्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी ओटीचे सामान घेऊन ऐरोलीला यावे आणि जेवूनच जावे. हे निमंत्रण, तसेच आवाहनाला येणार असल्याचा निरोप, तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी देऊ नये. जाऊबाईंना फोन सासूबाईंनीच करावा.